दोन पायांची गाडी

मोटार हाकावयाची असेल, तर सरकार माणसाला सहजासहजी सोडत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली पाहिजेत, डोळे चांगले असले पाहिजेत, रस्त्यावरील खुणांचा अर्थ सांगता आला पाहिजे. आधी शिकाऊ परवाना, मग परीक्षा आणि त्यानंतर पक्का परवाना, असा क्रम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने लावून दिला आहे. परंतु ज्या गाडीच्या बळावर मनुष्य जन्मभर हिंडतो, त्या दोन पायांच्या गाडीसाठी मात्र कोठेही परीक्षा नाही. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल भिंत सोडून चार पावले टाकते, घरातील मंडळी कौतुकाने टाळ्या वाजवितात, आणि तेवढ्या टाळ्यांवर त्या बालकाला आयुष्यभराचा परवाना मिळून जातो! पुढे त्याला कमी दिसू लागले, गुडघे कुरकुरू लागले, तरी त्या परवान्याचे नूतनीकरण करून घे, असे त्याला कोणी म्हणत नाही.

कोरड्या आणि सपाट रस्त्यावर हा कारभार निभावून जातो. निसरड्यावर तो निभावत नाही. म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे, की निसरड्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याने स्वतःला पादचारी न समजता वाहनचालक समजावे. माझे हे म्हणणे ऐकून काही जण हसतात. त्यांनी अवश्य हसावे; मात्र हसताना एका जागी उभे राहून हसावे, म्हणजे घसरण्याचा संभव कमी.

निसरडा हिवाळा म्हटला, की पुस्तके वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बर्फाच्छादित देश उभे राहतात. आमच्या पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात राहू नावाचे गाव आहे. तेथे बर्फाचे दर्शन घडते ते भर उन्हाळ्यात, आणि तेही रसाच्या पेल्यात. मग तेथील माणसाने ऐन हिवाळ्यात कशावरून घसरावे? याचे उत्तर भूगोलात आहे. एका बाजूस मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूस भीमा, आणि या दोन नद्यांच्या मध्ये हा मुलूख वसलेला आहे. पलीकडे शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ या नद्या एकमेकींस भेटतात. समुद्र पुष्कळ दूर असूनही लोक या भागाला ‘राहू बेट’ म्हणतात, ते यामुळेच. नदीकाठची काळीभोर जमीन, तीत उभा असलेला ऊस आणि नदीवरून पाणी खेचणारे पंप, असे येथील वैभव आहे. आणि जेथे काळी माती आणि पाणी यांची गाठ पडते, तेथे माणसाच्या पायांची परीक्षा ठरलेलीच!

पावसाळ्यातील चिखल आकाशातून येतो. हिवाळ्यातील चिखल मनुष्य स्वतः तयार करतो. कार्तिक-मार्गशीर्षात गव्हाला, कांद्याला, उसाला पाणी द्यावयाचे असते. विजेची पाळी पुष्कळदा रात्रीची असते. तेव्हा शेतकरी अंगावर घोंगडी घेऊन, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे धरून, अंधारात दारे धरावयास निघतो. वरंबा भिजलेला, बांध भिजलेला, गवतावर दहिवर पडलेले. सकाळी त्याच बांधावरून मुले शाळेला निघतात. इकडे उसाची तोड चालू असते. ओल्या फडातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली माती डांबरी रस्त्यावर गळत जाते, आणि पहाटेच्या दवाने ती माती लोण्यासारखी मऊ होते. फडात पसरलेले पाचट वरून कोरडे आणि सोन्यासारखे दिसते. पण त्याखाली चिखल लपलेला असतो. गुऱ्हाळाच्या अंगणात सांडलेल्या रसाची आणि मळीची राबड वेगळीच. नदीच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि घरोघरच्या न्हाणीत साबणाचे पाणी. थोडक्यात, बर्फ नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही.

पुराणातील राहूला या बाबतीत कसलीच चिंता नाही. त्याच्या वाट्याला केवळ मस्तक आले आणि धड केतूकडे गेले. तेव्हा त्याचा पाय घसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राहू गावच्या रहिवाशांना मात्र मस्तकाबरोबर पायही मिळाले आहेत, म्हणून त्यांनी या दोहोंचा मेळ घालून चालले पाहिजे.

आता आपली गाडी कशी आहे ते पाहू. आपल्या प्रत्येक पावलात २६ हाडे असतात. म्हणजे दोन्ही पावले मिळून ५२. शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा हाडे तळाशी लावून निसर्गाने ही गाडी बांधली आहे. गुडघे म्हणजे तिच्या धक्का सोसणाऱ्या कमानी. डोळे हे दिवे, गळा हा भोंगा, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हे तिचे ओळंबे. चालक डोक्यात बसलेला असतो. तो जागा असला तर गाडी उत्तम चालते. तो गप्पांत, भांडणात किंवा मोबाइलच्या पडद्यात गुंतला, की गाडी आपल्या मर्जीने चालू लागते, आणि मग ती कोणत्या सरीत जाऊन विसावेल याचा नेम नाही.

मोटारीपासून माणसाने चालण्याचा धडा घ्यावा, हे काहींना अपमानास्पद वाटेल. परंतु इतिहासाकडे पाहिले तर हे जुन्या ऋणाची परतफेड करून घेण्यासारखेच आहे. इंग्लंडात १८६५ साली असा कायदा झाला होता, की रस्त्यावरून वाफेची गाडी न्यावयाची असेल, तर तिच्यापुढे साठ यार्डांवर, म्हणजे सुमारे ५५ मीटरांवर, एका माणसाने लाल निशाण हातात घेऊन चालावे. गाडीने गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर ताशी चार मैल याहून अधिक वेग घेऊ नये. म्हणजे आरंभी पायी चालणारा मनुष्य हाच गाडीचा गुरू होता! शिष्य पुढे वेगाने निघून गेला हे खरे. पण जाताना त्याने चार चांगले नियम करून ठेवले आहेत. ते नियम गुरूने आता त्याच्याकडून उचलण्यास हरकत नाही.

पहिला नियम असा, की प्रवासाला निघण्यापूर्वी टायर तपासावेत. पायांच्या गाडीचे टायर म्हणजे पादत्राणाचे तळवे. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, आणि १८८८ साली डनलपने हवा भरलेला टायर केला. त्या टायरचा एक पुनर्जन्म आपल्या खेड्यांत झाला. जुन्या मालमोटारीचे टायर कापून केलेल्या चपला कित्येक शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पायांत घातल्या. तेव्हा पायांच्या गाडीला टायर असतात, ही माझी कल्पना नव्हे. ती आपल्या बाजारात विकली गेलेली वस्तू आहे. टायरवर खाचा असतात त्या शोभेसाठी नव्हेत. रस्ता आणि रबर यांच्यामध्ये सापडलेले पाणी त्या खाचांतून बाहेर पळते, आणि रबराला जमिनीचा आधार मिळतो. तळवा झिजून गुळगुळीत झाला, म्हणजे पाण्याला पळण्यास वाट उरत नाही, आणि मग पाण्याऐवजी आपणच पळू लागतो. बैलांनासुद्धा गाडीला जुंपण्यापूर्वी खुरांना पत्री ठोकून घेतात. बैलाच्या पायांची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या चपलेचा तळ वर्षातून एकदाही उलटा करून पाहू नये, हे आश्चर्य होय.

दुसरा नियम वेगाचा. ‘वाहने सावकाश हाका’ ही पाटी महाराष्ट्रातील रस्त्यांवर आपण पाहिली आहे. ती निसरड्यावर मनातल्या मनात लावून घ्यावी. येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. चालताना आपण पायाने जमिनीला मागे ढकलतो, आणि जमीन आपणास पुढे ढकलते. हा व्यवहार घर्षणाच्या भांडवलावर चालतो. काळी माती ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली आहे. तिचे कण अतिशय बारीक आणि पत्त्यांसारखे चपटे असतात. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच कणांमुळे. कणांच्या थरांत पाणी शिरले, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सहज सरकतो. वर पाऊल पडले, की घर्षणाचे भांडवल संपते आणि दिवाळे निघते.

आता लांब टांग टाकली, तर पाय जमिनीवर तिरपा पडतो. तिरपा पाय जमिनीला आडवा रेटा देतो, आणि तो रेटा सोसण्याइतके घर्षण तेथे नसते. आखूड पाऊल टाकले, तर पाय जवळजवळ सरळ उभा राहतो, आणि शरीराचा भार थेट खाली जातो. पेंग्विन नावाचा पक्षी बर्फावर लहान लहान पावले टाकीत, भार पुढच्या पावलावर घेत, डुलत चालतो. थंड देशांत हिवाळ्यात लोकांना ‘पेंग्विनासारखे चाला’ असा उपदेश करतात. राहूच्या बांधावर पेंग्विन कोठून आणावा, असे वाटत असेल, तर बदकाकडे पाहावे. त्याची चाल डौलदार नाही, असे कवी म्हणतील. परंतु बदक चिखलात घसरून उताणे पडलेले कोणत्याही कवीने पाहिलेले नाही.

तिसरा नियम थांबण्याचा. मोटारीचा वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. घसरत थांबणाऱ्या मुलालाही हाच हिशेब लागू पडतो. घंटा झाली म्हणून धावत आलेला विद्यार्थी शाळेच्या ओल्या फरशीवर एकाएकी थांबू पाहतो; त्याचे मन दाराशी थांबते, आणि शरीर मात्र फळ्यापर्यंत जाते. म्हणून निसरडे दिसण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळण घेताना एका पायावर गर्रकन फिरू नये. तीन-चार बारीक पावलांत, मोठ्या मालमोटारीसारखे, ऐसपैस वळावे. आणि मागे वळून मित्राशी बोलत बोलत उलटे चालण्याची जी हौस काही मुलांना असते, ती तर सर्वांत घातक. मोटार मागे घेताना चालक आरशात पाहतो, मान वळवितो, भोंगा वाजवितो. आमचा वीर मात्र यांतले काहीच न करता पाटात जाऊन बसतो.

चौथा नियम अंतराचा. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी केली, तेव्हा मोटारी नव्हत्या. तरीही वाहतुकीचे मोठे तत्त्व तीत सांगितले आहे. मात्र पुढच्यास ठेच लागल्यावर शहाणे होण्यासाठी मागच्याला थोडा अवकाश मिळाला पाहिजे. तो पुढच्याच्या पाठीला चिकटून चालत असेल, तर दोघेही एकाच वेळी शहाणे होतात, आणि तेही आडवे पडून. तेव्हा पुढच्या माणसात आणि आपल्यात निदान तीन-चार पावलांचे अंतर ठेवावे. अरुंद बांधावर समोरून कोणी आले, तर वाट कोणी द्यावी? घाटात चढणीवरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, असा वाहतुकीचा नियम आहे. कारण त्याला थांबून पुन्हा निघणे जड जाते. त्याच न्यायाने डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, कडेवर मूल असलेली आई, काठी टेकीत येणारे आजोबा यांना पहिला मान. रिकाम्या हातांच्या तरुणाने कोरड्या जागी थांबून वाट द्यावी. यात कमीपणा नाही.

पाचवा नियम हातांचा, आणि तो खास हिवाळ्याचा आहे. थंडीच्या दिवसांत मुले हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतात किंवा खिशांत कोंबतात. हात हे आपल्या तराजूची दोन पारडी आहेत. दोरीवर चालून दाखविणारी मुलगी हातांत आडवी काठी धरते, ती उगाच नव्हे. तोल जाऊ लागला, की हात आपोआप पसरतात आणि शरीराला सावरतात. पण ते खिशात अडकले असतील, तर बातमी कळूनही मदत वेळेवर पोहोचत नाही. थंडी वाजते म्हणून चालकाने चाकावरचे हात सोडून ते कांबळ्यात घेतले, तर त्या गाडीत आपण बसू काय? मग स्वतःच्या गाडीला निराळा न्याय का?

सहावा नियम दिव्यांचा. रात्री दारे धरावयास जाणाऱ्याने बॅटरी पावलांपुढे दोन हातांवर धरावी, दूरच्या झाडांवर नव्हे. या भागात अलीकडे उसाच्या फडांतून बिबट्यांचाही वावर असतो. तेव्हा रात्री एकट्याने न जाता सोबतीने जावे, आणि मोठ्याने बोलत जावे. शहरात रुग्णालयापुढे भोंगा वाजविण्यास मनाई असते. उसाच्या फडापुढे तशी मनाई नाही. आवाज ऐकून बिबट्या बहुधा स्वतःच वाट देतो. वाहतुकीचे नियम त्याने कोणत्या शाळेत शिकले हे ठाऊक नाही; परंतु ते पुष्कळ माणसांपेक्षा तो अधिक पाळतो.

एवढी सावधगिरी घेऊनही कधी तरी पाऊल सटकते. तेव्हा पडण्याचेही एक शास्त्र आहे. हातातील डबा, घागर, दप्तर यांचा मोह त्या क्षणी सोडावा. वस्तू पुन्हा मिळते. हात ताठ करून त्यावर सगळा भार झेलू नये, कारण मनगट मोडते. गुडघे वाकवून, डोके छातीकडे घेऊन कुशीवर पडावे. मोटारीत बसलेले लोक पट्टा बांधतात, दुचाकीवर बसलेले शिरस्त्राण घालतात. पायी चालणाऱ्याला हनुवटी छातीला लावणे, एवढेच काय ते शिरस्त्राण उपलब्ध आहे.

येथपर्यंत हसण्यासारखे पुष्कळ सांगितले. आता न हसण्यासारखे थोडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. नकळत होणाऱ्या दुखापतींनी जे मृत्यू होतात, त्यांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यांत साठ वर्षांवरील माणसे सर्वांत अधिक असतात. मूल पडले तर गुडघा खरचटतो आणि चार दिवसांत खपली धरते. आजी पडली तर खुब्याचे हाड मोडते, आणि कालपर्यंत सगळ्या घराला पुरून उरणारी बाई अंथरुणाला खिळते. ऊसतोड कामगाराच्या डोक्यावर उसाची जड मोळी असते, आणि ती घेऊन त्याला ओल्या फळीवरून गाडीवर चढावयाचे असते. त्याचा पाय मोडला, तर त्या हंगामाची मजुरी बुडते, आणि गावाकडे परत नेण्यास काही उरत नाही. निसरडे सर्वांना सारखेच असते; परंतु पडण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

म्हणून कोणी घसरून पडले असता प्रथम हसण्याची जी आपली रीत आहे, ती मला मान्य नाही. हसू येते, हे खरे आहे. ते मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु मोटारीचा अपघात झाला, तर आपण टाळ्या पिटत नाही, धावून जातो. पायांच्या गाडीलाही तोच मान द्यावा. पडलेल्याला दंडाला धरून एकदम उपटू नये. आधी विचारावे, ‘कोठे लागले?’ हात किंवा पाय वाकडा दिसत असेल, तर तो न हलविता मोठ्या माणसांना बोलवावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी झाली किंवा गुंगी आली, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. सर्व काही ठीक असेल, आणि पडलेला स्वतःच हसू लागला, तर मग आपणही मनसोक्त हसावे. तो परवाना त्याने आपणास दिला, असे समजावे.

आणखी एक गोष्ट. अपघातात नेहमी चालकाचाच दोष असतो, असे नाही. कधी रस्त्याचा असतो, आणि रस्त्याचा दोष म्हणजे तो रस्ता तसा ठेवणाऱ्यांचा दोष. भांड्यांचे पाणी दारातून थेट बोळात भिरकावणारे हात, केळीची साल जेथे खाल्ली तेथेच टाकणारे हात, पाटाचे पाणी रस्त्यावरून वाहत असता ‘आपले शेत भिजले ना’ म्हणून स्वस्थ राहणारे हात, फडातला चिखल चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर आणून तसाच सोडणारे हात, हे सारे दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतात. मोटारवाल्याच्या सोयीसाठी आपण रस्ते रुंद करतो, पुढे वळण आहे म्हणून पाट्या लावतो. पायी जाणाऱ्यासाठी निसरड्या जागी मुरुमाची एक पाटी टाकणे आपणास जड का वाटावे? बर्फाळ देशांत पहाटे उठून रस्त्यांवर वाळू आणि मीठ पसरतात. आमच्या गुऱ्हाळांच्या चुलवाणांत राख आहे, जवळच्या टेकाडावर मुरूम आहे, घरोघरी झाडू आहे. साधनांची वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याच्या पावलांचा विचार करण्याची.

असा विचार करणारी माणसे आपल्याकडे नाहीत, असे मात्र नव्हे. दरवर्षी आषाढीच्या सुमारास देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंड येथे मुक्काम करीत याच दौंड तालुक्यातून पंढरपूरकडे जाते. वर पाऊस, खाली चिखल, आणि हजारो माणसे पायी चाललेली. रथाच्या पुढे कोणती दिंडी, मागे कोणती, हा क्रम ठरलेला असतो. कोणी कोणाला ढकलून पुढे जात नाही. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला वाट मिळते, थकलेल्याच्या हाताखाली दुसऱ्याचा हात येतो. सगळ्यांची चाल टाळाच्या ठेक्यावर, बेताची आणि एकसारखी. मोटारींच्या वाहतुकीला शिस्त लावण्यासाठी चौकाचौकांत दिवे उभारावे लागतात. येथे ती शिस्त टाळ आणि अभंग यांनी लागते.

इतकी सावधगिरी भित्र्या माणसांना शोभते, असे काही धाडसी मुले म्हणतील. त्यांनी एकदा रात्री दारे धरणाऱ्या जुन्या शेतकऱ्याची चाल पाहावी. त्याने मेलेल्या सापाला नव्हे, तर जिवंत सापाला बाजूला सारलेले असते. थंडीवाऱ्याची त्याला पर्वा नसते. पण ओल्या बांधावर पाय ठेवताना तो आधी अंगठा रोवतो, जमिनीचा अंदाज घेतो, आणि मगच भार टाकतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. कारण उभ्या पिकाला पाणी पोहोचवावयाचे आहे, आणि त्यासाठी आपण उभे असले पाहिजे, हे तो जाणतो.

माझी शाळांना एक सूचना आहे. कवायतीच्या तासांपैकी वर्षातून एक तास निसरड्यावर चालण्याच्या शिक्षणासाठी द्यावा. मैदानाचा एक कोपरा भिजवावा, प्रत्येक मुलाने आपल्या चपलेचा तळ दाखवावा, बदकाच्या चालीने दहा पावले जावे, ऐसपैस वळावे, समोरच्याला वाट द्यावी आणि परत यावे. जो न घसरता येईल तो उत्तीर्ण. जो घसरेल, त्याला न हसता हात देऊन उठवील, तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण. अशा मुलांच्या हाती पुढे मोटारीचे चाक आले, तर आपल्या रस्त्यांवरील लोकांना फारसे भिण्याचे कारण उरणार नाही.